लाकूड संपलं की बघू! (मार्केसची प्रेमकथा आणि एक मेलेली नदी)

खाडीकाठचा

कोलंबियन लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केसची 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा' ही कादंबरी मी गेल्या पावसाळ्यात तिसऱ्यांदा वाचली. पहिल्यांदा वाचली ती विसाव्या वर्षी, होस्टेलच्या खाटेवर, प्रेमभंग ताजा असताना. तेव्हा फ्लोरेंतिनो अरिसा मला देवच वाटला होता. फर्मिना दासाने याला झटकून टाकलं, डॉक्टर हुवेनाल उर्बिनोशी संसार थाटला, आणि हा बाबा ५१ वर्षं, ९ महिने आणि ४ दिवस थांबला. तिच्या वैधव्याच्या पहिल्याच रात्री समोर उभा राहून पुन्हा तेच म्हणाला. मी ते आकडे वहीत लिहून ठेवले होते, एकीला दाखवायला. (दाखवले नाहीत. तोवर तिचा साखरपुडा झाला होता.)

या खेपेला मात्र एका जागी ठेच लागली. आधी दोनदा तो मजकूर डोळ्यांखालून गेला असणारच, पण मला त्याचा पत्ता नव्हता.

फ्लोरेंतिनो नुसता झुरत बसलेला नाही. काकाच्या जलवाहतूक कंपनीत तो साध्या कारकुनापासून चढत चढत अध्यक्ष होतो. कोलंबियातल्या माग्दालेना नदीवर चालणाऱ्या आगबोटी त्याच्या कंपनीच्या. त्या बोटी लाकडावर चालतात आणि लाकूड काठच्या जंगलातलं. बोट काठाला लागते, रचून ठेवलेले ओंडके चढवते, भट्टी पेटती ठेवते आणि पुढे निघते. पन्नास वर्षं हेच. नदीची अवस्था कळवणारे अहवाल याच्या टेबलावर येत होते. तो ते धड वाचतही नव्हता. भागीदारांना म्हणायचा, काळजी नको, लाकूड संपेपर्यंत तेलावरच्या बोटी येतील. का, तर फर्मिनाच्या ध्यासाने त्याचं डोकं झाकोळलं होतं. हा माझा अर्थ नाही, कादंबरीतच तसं स्वच्छ लिहिलंय. आणि जेव्हा त्याच्या ध्यानात आलं तेव्हा करण्यासारखं एकच उरलं होतं, कुठून तरी दुसरी नदी आणणं.

दुसरी नदी आणणं! मी पुस्तक पालथं घातलं आणि चहा टाकायला उठलो.

आता शेवटचा प्रवास आठवा. सत्तरी ओलांडलेली दोघं बोटीवर. चित्रपटात वगैरे काठावर हिरवंगार दाखवतात. कादंबरीत काय आहे? जळून कोळसा झालेली सपाट रानं, उन्हाळ्यातही गुडघाभर पाण्यात उभी असलेली ओसाड गावं. तरुणपणी याच नदीवरून जाताना फ्लोरेंतिनोला ज्या अजस्र झाडांच्या गर्दीने जीव कोंडल्यासारखा झाला होता, ती झाडं बोटींच्या भट्ट्यांनी खाल्ली. पानोळा गेला तशी माकडं आणि पोपट गेले. फुलपाखरं गिळायला जबडा वासून तासन्‌तास मेल्यासारख्या पडणाऱ्या मगरी गेल्या, कातडी कमावणाऱ्यांच्या पोटी. वाळूवर पिलांना अंगावर पाजणाऱ्या, बाईच्या आवाजात रडणाऱ्या समुद्रगाई गेल्या, शिकाऱ्यांच्या हौसेपायी. फर्मिनाला स्वप्नातले प्राणी बघायचे होते. एकही दिसत नाही. रात्री जाग येते ती पाण्यावरून वाहत जाणाऱ्या प्रेतांच्या वासाने.

अशा नदीवर पिवळं निशाण लावून, बोटीवर कॉलरा आहे अशी थाप मारून, ही दोघं वर-खाली फिरत राहणार. कप्तान विचारतो, हे येणं-जाणं कुठवर? फ्लोरेंतिनोचं उत्तर ५३ वर्षं, ७ महिने आणि ११ दिवस-रात्री तयार होतं: आयुष्यभर.

विसाव्या वर्षी इथे रडलो होतो. आता मनात आलं, अरे, पण जाळणार काय?

जादुई वास्तववाद (अद्भुत गोष्ट रोजचीच असल्यासारखी सांगायची तऱ्हा) म्हटलं की आपण पिवळी फुलपाखरं काढतो. मार्केसच्याच 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' मधला मॉरिसिओ बाबिलोनिया आला की फुलपाखरं येतात. वा, काय प्रतिमा! माणसाच्या मनात प्रेम आणि बाहेर निसर्गाने त्याला टाळ धरायचा, अशी आपली सोयीची समजूत. मला वाटतं मार्केस इथे उलटं सांगतोय. या माणसाच्या विरहाचा खर्च नदीने भरलाय. तुम्हाला काय वाटतं?

रिकामटेकडी

लेख आवडला, वाखुसा (वाचनखूण साठवली). पण अहो, सगळीच गोष्ट सांगून टाकलीत की! धाग्याच्या डोक्यावर 'कथानक फुटेल' असं लिहायची पद्धत होती पूर्वी. मी अजून वाचलेली नाही, आता वाचनालयात नंबर लावते. पोपटाचं काहीतरी आहे ना त्यात?

खाडीकाठचा

@रिकामटेकडी, माफी असावी. पोपटाबद्दल तोंड बंद.

निळावंती

लिहिलंयस छान, पण मला हे पटत नाहीये. तू पर्यावरणाच्या तासाला बसल्यासारखी कादंबरी वाचतोयस. फ्लोरेंतिनो प्रेमात नसता तर जंगल वाचलं असतं का? त्याचा काका कुठे कोणाच्या विरहात होता? भांडवल होतं, बोटी होत्या, लाकूड फुकट होतं. कुठल्याही नीरस, संसारी अध्यक्षाने तेच केलं असतं, वर अहवाल वाचून केलं असतं.

आणि दुसरं. 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' मधली पेत्रा कोतेस विसरलास? आउरेलियानो सेगुंदो आणि ती एकत्र आली की गोठ्यातली जनावरं वीत सुटतात. सशांपासून सुरुवात होते आणि अंगणात मावणार नाहीत एवढी गुरं होतात. तो तिला रानात फिरवून आणतो, तिची नुसती सावली कळपावर पडली तरी पुरे. तिथे प्रेम धरतीला फळवतंय. आपल्याकडे नांगरटीला नवरा-बायकोची जोडी लागते, पेरणीची पहिली मूठ सवाष्णीच्या हातून टाकतात, त्याच जातीची ही समजूत आहे. सगळ्या शेतकरी लोकांत असते. माणसाचं वीर्य आणि जमिनीचा ओलावा यांत फरक न करणारी. मार्केस ती आजीकडून ऐकलेल्या सुरात सांगतो, डोळा न मिचकावता.

तेव्हा एका नदीवरून सगळ्याला नियम लावू नकोस.

खाडीकाठचा

@निळावंती, पेत्रा कोतेसचा मुद्दा शंभर टक्के मान्य, मी तिला विसरलोच होतो. पण तिची गोष्ट तू अर्ध्यावर का सोडलीस? पुढे पाऊस लागतो, ४ वर्षं, ११ महिने आणि २ दिवस. आणि तो पाऊस आभाळातून आपसूक पडत नाही. केळीच्या कंपनीने संपकरी मजुरांवर गोळीबार करवला, प्रेतं आगगाडीत घालून समुद्राकडे रवाना केली, आणि मग कंपनीचा साहेब म्हणाला की पाऊस थांबला की करारावर सह्या करू. तेव्हा गावाला दुष्काळाने तीन महिने गांजलं होतं. कादंबरीतली संख्या तीन हजारांची. प्रत्यक्षात डिसेंबर १९२८ मध्ये सिएनागा गावी सैन्याने युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. किती मेले यावर अजून वाद आहे. म्हणजे पावसाचा हिशेब थेट माणसाच्या पापाशी जुळवलाय. त्या पावसात पेत्राची सगळी गुरं मरतात.

उरते एक खेचर. बाईने त्याला घरातल्या चादरी, गालिचे, मखमली पडदे खायला घालून जगवलेलं. ती ओळ मला फुलपाखरांपेक्षा हजारपट आवडते. पुस्तकाच्या पाठीवर ती कोणी छापत नाही.

निळावंती

आणि त्या खेचराच्या टप्प्यावरच ती दोघं पहिल्यांदा खरंखुरं प्रेम करायला लागतात, हे सांगायचं तू सोडलंस. समृद्धी असताना फक्त मस्ती होती. गोठा रिकामा, खिसा रिकामा, लॉटरीची तिकिटं स्वतःच्या हाताने रंगवत बसलेत रात्री, आणि मग. तुझ्या बोटीवरच्या म्हातारा-म्हातारीचंही तेच. उजाड झाल्यावर. तू याला अपराध म्हणतोस, मला ते वय वाटतं.

(आमच्यात फिट्टंफाट.)

बोरूबहाद्दर

चर्चा उत्तम. एक बारीक खडा. कॉलरावाल्या कादंबरीत मुळात जादू आहे कुठे? १९८५ ची ही कादंबरी बरीचशी सरळ, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कादंबऱ्यांच्या वळणाची आहे. 'वन हंड्रेड इयर्स' मधल्या रेमेदिओससारखं कोणी चादरींसकट आकाशात जात नाही. 'जादुई वास्तववाद' हा शब्द फ्रांझ रो या जर्मन समीक्षकाने १९२५ मध्ये चित्रांसाठी वापरला होता. लॅटिन अमेरिकेत आलेहो कार्पेन्तिएरने १९४९ मध्ये 'अद्भुत वास्तव' अशी वेगळी चूल मांडली. त्याचं म्हणणं, युरोपीय लोकांना अद्भुत मुद्दाम बनवावं लागतं, आमच्याकडे ते रानात, नदीत, इतिहासात पडलेलंच आहे. आता त्या अर्थाने धागाकर्ता बरोबर असेल तर असेल. पण सरसकट सगळ्यावर एकच लेबल नको.

तिरपागडा

@बोरूबहाद्दर, जादू आहे की! पांढऱ्या कपड्यातली बाई. बोट जाताना काठावर उभी राहून रुमाल हलवते. फर्मिना विचारते, तिला घ्या ना बोटीवर. कप्तान म्हणतो, ती बुडून मेलेली बाई आहे, बोटींना भोवऱ्यात ओढायला खुणा करते. एवढ्या जवळून जाते बोट की फर्मिनाला ती उन्हात लख्ख दिसते. ती अस्तित्वात नाही याबद्दल तिला शंका नाही, फक्त चेहरा ओळखीचा वाटतो.

पुस्तकातली मला ठळक आठवणारी भुताटकी ही, आणि तीही नदीची.

आता माझा खडा, खाडीकाठचा यांना. समुद्रगाई कादंबरीत संपल्यात, खऱ्या माग्दालेनेत नाही संपल्या. खालच्या टप्प्यातल्या पाणथळींत त्या अजून आहेत, थोड्या, धोक्यात, पण आहेत. मार्केसने त्यांना वेळेआधी मारलं. मला वाटतं तो त्यांचा शोक आगाऊ करून ठेवत होता.

आणि बाईच्या आवाजाचं म्हणाल, तर ती गंमत जुनी आहे. ९ जानेवारी १४९३ ला कोलंबसने कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटाच्या किनाऱ्यावर तीन जलपऱ्या पाहिल्याची नोंद आहे. तक्रारीच्या सुरात, की चित्रात दाखवतात तेवढ्या काही त्या देखण्या नाहीत. त्या समुद्रगाई होत्या असंच सगळे मानतात. शास्त्रज्ञांनीही या प्राण्यांच्या गणाचं नाव 'सायरेनिया' ठेवलं, खलाशांना भुलवणाऱ्या सायरन बायांवरून. सहा महिने समुद्रावर असलेल्या पुरुषाला चारशे किलोच्या जनावरात बाई दिसते, तेव्हा विरह आणि निसर्ग यांचा संबंध वगैरे आणखी काय सिद्ध करायचं? (हलके घ्या.)

कप्तान सामारितानोचा किस्सा मात्र कोणीच कसा काढला नाही? समुद्रगाईंवर जीव असलेला माणूस. एका अमेरिकन शिकाऱ्याने मनाई असताना पिलावरच्या आईला गोळी घातली. कप्तानने पिलू बोटीवर घेतलं आणि शिकाऱ्याला त्या निर्मनुष्य काठावर, मारलेल्या आईशेजारी, सोडून दिलं. सहा महिने तुरुंगात काढले, परवाना जाता जाता राहिला, आणि तरी म्हणतो पुन्हा तेच करीन. माझ्या मते या कादंबरीतला खरा प्रेमी तो आहे.

खाडीकाठचा

@तिरपागडा, _/\_ हे वाक्य मी चोरणार.

मुक्काम_पोस्ट_परदेश

कामानिमित्त आठ महिने बारांकिया शहरात होतो, तिथेच माग्दालेना समुद्राला मिळते. एका रविवारी ऑफिसातले लोक मुखाशी घेऊन गेले. बोकास दे सेनिसा नाव, म्हणजे राखेची मुखं. समुद्रात लांबवर गेलेला दगडी बांध आहे, त्याच्यावरून एक खेळण्यातल्यासारखी गाडी खडखडत जाते. एका हाताला नदी, एका हाताला समुद्र. नदी आपल्या टपरीवरच्या चहाच्या रंगाची. तिकडच्या कित्येक राज्यांचा गाळ घेऊन साधारण पंधराशे किलोमीटर आलेली. बांधावर कोळी पतंग उडवत होते. मला वाटलं पोरखेळ चाललाय. बघतो तर पतंगाच्या दोरीला गळ! वारा गळाला दूर पाण्यात नेतो, मासा लागला की पतंग गोता खातो. मार्केसने हे लिहिलं असतं तर आपण 'काय कल्पनाशक्ती' म्हटलं असतं.

पाण्यावरून हिरवे गालिचे वाहत येत होते. जवळ आल्यावर ओळखलं, अहो, जलपर्णी! आमच्या गावची नदी जिने गिळली तीच. पण तिकडे तिच्यावर बगळा उभा राहून आरामात समुद्राकडे चालला होता. सहकाऱ्याला म्हटलं, ही आमच्याकडे कशी आली असेल? तो म्हणाला, तुमच्याकडून आली नाही ना, मग आमचीच. बरोबर होतं त्याचं. मूळची दक्षिण अमेरिकेचीच ती.

अवांतर: त्याच नदीत आता पाणघोडे आहेत. पाब्लो एस्कोबारने १९८० च्या सुमारास आपल्या खासगी प्राणिसंग्रहालयात चार आणले होते. तो १९९३ मध्ये मारला गेला, पाणघोडे सुटले, आणि आज शंभराच्या वर झालेत. ड्रग्सवाल्याचे आफ्रिकन पाणघोडे कोलंबियातल्या नदीत संसार करतायत. लेखकाने लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

वनस्पतीवेडा

झाडांचा विषय निघालाय म्हणून डोकं वर काढतोय.

फ्लोरेंतिनो फर्मिनाची वाट बघत बागेत बाकावर बसतो, पुस्तक वाचायचं सोंग करून, बदामाच्या झाडाखाली. 'वन हंड्रेड इयर्स' मधल्या माकोन्दो गावाच्या रस्त्यांवरही बदामच लावलेत. आपण वाचताना काश्मिरी बदामाचं गुलाबी फुलांचं नाजूक झाड डोळ्यांपुढे आणतो. चूक. कोलंबियाच्या त्या उकाड्याच्या किनाऱ्यावर 'आल्मेन्द्रो' म्हणतात ते टर्मिनॅलिया कटापाला. म्हणजे आपला देशी बदाम! शाळेच्या आवारातला. छत्रीसारखे मजले मजले पसरतो तो. गळायच्या आधी लालभडक होणारी ताटाएवढी पानं, वटवाघळांनी अर्धी खाऊन टाकलेली फळं, आणि मधल्या सुट्टीत दगडाने ठेचून काढलेली ती बोटाच्या पेराएवढी बी. निम्मी ठेचण्यातच चुरायची. तेच झाड. मूळचं आशियातल्या किनाऱ्यांचं, तिकडे नेऊन लावलेलं.

(पहिल्याच वाक्यातला कडू बदामाचा वास मात्र याचा नव्हे, तो सायनाइडचा.)

आणि डॉक्टर ज्या झाडावरून पडतो तो आंबा. तो तर आपलाच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून निघाला तो पार पलीकडे पोचला. म्हणजे हिशेब असा, की आम्ही त्यांना वाट बघायला सावली दिली, पडून मरायला आंबा दिला, आणि त्यांनी आम्हाला जलपर्णी पाठवली.

'माकोन्दो' हेही झाडच आहे. मार्केसने लहानपणी आगगाडीतून एका केळीच्या मळ्याच्या फाटकावर ते नाव वाचलं होतं, अर्थ कित्येक वर्षांनी कळला, की ते सावरीच्या जातकुळीतलं एक मोठं झाड असतं. ना फूल कामाचं ना फळ. लाकूड हलकं, होड्या कोरायला बरं.

रिकामटेकडी

डॉक्टर झाडावरून पडतो????

मी आज पान ३१ वर आहे.

वनस्पतीवेडा

अर्रर्र. सॉरी ताई.

जुना_सदस्य

सगळे मार्केसभोवतीच फिरताय. मेक्सिकोच्या हुआन रुल्फोची 'पेद्रो पारामो' (१९५५) ही कादंबरी वाचा. धागाकर्त्याचं म्हणणं तिथे अधिक कडकपणे येतं. पेद्रो पारामो गावगुंड जमीनदार. लहानपणी सुसाना सान हुआनबरोबर पतंग उडवलेले, ते हाताला जाणवणारं दोरीचं ओढणं त्याला जन्मभर पुरलं. तीस वर्षांनी ती हाती लागते तेव्हा ती वेडी झालेली असते, समुद्रात नाहताना भोगलेल्या दुसऱ्या पुरुषाच्या आठवणीत. ती मरते. चर्चच्या घंटा थांबेचनात म्हणून आसपासच्या गावांतले लोक जत्रा आहे समजून जमतात, कोमालात खरीच जत्रा भरते. पेद्रो ठरवतो, आता मी हाताची घडी घालून बसणार, कोमाला उपाशी मरेल. आणि बसतो. शेतं पडीक, माणसं परागंदा, गाव मेलं.

फ्लोरेंतिनोने बघितलं नाही, पेद्रोने बघून केलं. 'कोमाल' म्हणजे भाकरी-तोर्तियाचा तवा. गावाचं नावच तापलेला तवा आहे. जेमतेम सव्वाशे पानांचं पुस्तक आहे, दोनदा वाचा. पहिल्यांदा कोण जिवंत आणि कोण मेलेलं हेच कळत नाही. मार्केसला ते जवळजवळ पाठ होतं म्हणतात.

निळावंती

@जुना_सदस्य, +१. पेद्रोपुढे मात्र मी हात टेकले.

तरी एक बोलते. विरहात असलेला माणूस निसर्गाकडे बघत नाही हे काही खरं नाही. आपली विरहिणी तर बघण्याशिवाय दुसरं काही करतच नाही. कावळा कोकला की शकुन, चंदन लावलं की पोळतं, ढग आला की जीव घाबरा. तिला सगळ्या सृष्टीचा निरोप्या म्हणून उपयोग आहे.

खाडीकाठचा

उपयोगच ना? कावळ्याला दहीभात कशासाठी, तर पाहुणा आणलास म्हणून. कावळा उपाशी आहे म्हणून नव्हे. :)

सरळच_बोलते

दोन दिवस वाचतेय हा धागा. झाडं झाली, समुद्रगाई झाल्या, पाणघोडेसुद्धा झाले. आमेरिका विकुन्याचं नाव एकाही प्रतिसादात नाही.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी. चौदा वर्षांची मुलगी. घरच्यांनी शिकायला शहरात पाठवलेली, फ्लोरेंतिनो तिचा पालक, हा सत्तरीपार. तिच्याशी त्याने काय केलं ते कादंबरीत आहे, मी इथे लिहीत नाही. डॉक्टर मेल्याच्या दुपारी हा तिच्याचसोबत होता, तिथेच घंटा ऐकल्या याने. मग फर्मिना मोकळी झाल्यावर पोरीला बाजूला केलं. तिला फर्मिनाला लिहिलेली पत्रं सापडतात. ती मरते, आपल्या हाताने. बोटीवर तार येते. आणि हा ठरवतो की जगायचं असेल तर ही आठवण स्वतःला सोसू द्यायची नाही. पुसतो. प्रवास पुढे.

खाडीकाठचा, तुम्ही अहवाल न वाचण्याबद्दल इतकं सुंदर लिहिलंत. तार वाचायची राहिली तुमचीही. तीन वेळा.

तिरपागडा

...

काही बोलायला ठेवलं नाहीत.

बोरूबहाद्दर

सहमत. मात्र मार्केस हे लपवत नाही, तार अगदी शेवटच्या पानांत, प्रवास गोड होत असतानाच ठेवतो. वाचक ती ओलांडून जातात हा दोष कोणाचा, हा वेगळा धागा होईल.

सरळच_बोलते

ठेवतो, मान्य. पण ठेवून मग बोट चालूच ठेवतो आणि मागे असं गद्य वाजवतो की आपण डोळे पुसत टाळ्या वाजवाव्यात. माझा राग लेखकावर आहे की माझ्यावर हे मला ठरवता येत नाही. मीही पहिल्यांदा वाचली तेव्हा शेवटी रडले होते, आणि त्या पोरीसाठी नव्हे.

खाडीकाठचा

@सरळच_बोलते, दोन दिवस उत्तर लिहून खोडतोय.

खरं आहे. काल ती पानं पुन्हा काढली. तारेचा मजकूर एवढासा. मी त्या पानावर पेन्सिलने खूण केलेली आहे, पण ती चार ओळी खाली, एका फर्मिनाच्या वाक्याला. म्हणजे डोळा तिथून गेला होता.

लेखात मी नदीचं म्हटलं ते मागे घेत नाही, पण ते अर्धंच होतं. नदी आणि ती मुलगी, दोघींचं एकाच हाताने झालंय, त्याच थंडपणे, त्याच 'नंतर बघू' मध्ये. मुलीचं नाव आमेरिका ठेवलंय हेही मला या वेळी पहिल्यांदा टोचलं. लेखकाने एवढ्या मोठ्याने सांगितलं होतं.

थोडं स्वतःचं सांगतो, कारण धागा काढताना ते आडून ठेवलं होतं. मी लहान असताना आमच्या खाडीत तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, होती. पलीकडे मामाचं घर. ओहोटीला तर वाळूवर बसायची, मग भरतीची वाट बघत तासभर सगळे गप्पा मारत. गेली पंधरा वर्षं रात्री वाळू उपसणारे सक्शन पंप लागतात, सकाळी काठ आणखी खचलेला असतो. त्या पंधरातली पहिली सहा-सात वर्षं मी तिथेच राहत होतो. मला पंपाचा आवाज ऐकू यायचा. मी तेव्हा एका मुलीला पत्रं लिहीत होतो, रात्री, खिडकीशी बसून, कानात हेडफोन घालून. पत्रांत खाडीवरचं चांदणं वगैरे भरपूर होतं.

निळावंती

मग तिने काय उत्तर दिलं?

खाडीकाठचा

चांदणं आवडलं म्हणाली. लग्न झालं आमचं. तिनेच परवा विचारलं, काठावरचं करंजाचं झाड कधी पडलं रे? मला सांगता आलं नाही.

मुक्काम_पोस्ट_परदेश

वाचतोय. निःशब्द.

(माग्दालेनेवरच्या शेवटच्या मोठ्या प्रवासी आगबोटींपैकी 'डेव्हिड आरांगो' १९६१ मध्ये मागांगे बंदरात जळून गेली. मार्केस विद्यार्थी असताना तिच्यातूनच वर शिकायला गेला होता. बारांकियातल्या म्हाताऱ्यांना ती आग अजून आठवते. जंगल जाळत गेली ती बोटही जळूनच गेली, एवढंच सांगायचं होतं.)

रिकामटेकडी

बाकीचं काही न वाचता सरळ तळाशी येऊन लिहितेय. पान ४० ओलांडलं. डॉक्टर शिडीवर आहे, हात पुढे केलाय, पोपट फांदीवर बसून त्याच्याकडे बघतोय. मला माहितीये काय होणार ते, तुमच्या कृपेने. तरी पुस्तक मिटून आधी कुकर लावला. जरा वेळ राहू दे त्याला तिथे.